सूज शिकवणाऱ्या बाई

नोकरीच्या मुलाखतीत बाईंनी माझा डावा हात टेबलावर ओढून घेतला आणि पेनाच्या टोपणाने त्यावर एक लांबलचक रेघ मारली. समोर प्राचार्य बसले होते, शेजारी संस्थेचे एक ट्रस्टी होते, आणि मी चेहऱ्यावर आणलेलं हसू तसंच ताणून धरलं होतं. बाई रेघेकडे बघत राहिल्या. रेघ आधी पांढरी पडली, मग लाल झाली, मग आजूबाजूची कातडी लालसर झाली आणि शेवटी ती रेघ दोरीसारखी वर आली. "छान. हिची सूज वेळेवर येते," बाई म्हणाल्या. "घ्या हिला." ट्रस्टींना मला काहीतरी विचारायचं होतं, पण बाईंची नजर आता त्यांच्या मनगटाकडे वळलेली पाहून त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली.

अशी मी कल्याणच्या त्या कॉलेजात बाईंच्या हाताखाली लागले. खाली साड्यांचं होलसेल दुकान आणि वर आम्ही. रक्त-लघवी तपासणारे तंत्रज्ञ तयार करायचे, हा आमचा धंदा. बाई पॅथॉलॉजी शिकवायच्या, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात त्या वर्षभर एकच गोष्ट शिकवायच्या, आणि ती म्हणजे सूज. बाकीचे धडे पुस्तकात आहेत, घरी वाचा, सूज पुस्तकात नीट दिलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलं त्यांना सूजबाई म्हणायची. एकदा कुणीतरी ते नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, तर बाईंनी त्याखाली सही केली आणि तास सुरू केला.

उंच, हडकुळ्या, इस्त्रीची सुती साडी, त्यावर पांढरा कोट आणि पायात नातवाने टाकून दिलेले स्पोर्ट्स शूज. बोलणं अगदी पुणेरी वळणाचं. पण रक्त दिसलं की भान सुटायचं. कँटीनवाल्याचं बोट एकदा कांदा चिरताना कापलं. बिचारा हळदीच्या डब्याकडे निघाला होता. बाईंनी त्याचं मनगट पकडलं. "थांब. घाई काय आहे? आतले लोक काम करतायत, करू दे त्यांना." मग ते बोट तसंच वर धरून त्यांनी चहाला आलेल्या सगळ्यांना रक्त कसं गोठतं ते दाखवलं. कँटीनवाला आधी घाबरला, मग संकोचला आणि शेवटी स्वतःच वाकून आपलं बोट बघायला लागला. त्या दिवशी कांदाभजी मिळाली नाही.

"जखम झाली की सूज का येते?" हा त्यांचा पहिल्या तासाचा प्रश्न. कुणी "जंतूंमुळे" म्हणालं की बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या. "तुझ्या घरात भांडण कोण सुरू करतं?" मुलगा गांगरायचा. "आत्या," असं काहीतरी पुटपुटायचा. बाई खूश. "बघा. चोर अजून दारात आलेला नाही आणि घरात आदळआपट सुरू. जंतू येवोत न येवोत, सूज घरचीच माणसं आणतात."

ही घरची माणसं म्हणजे रक्तातली प्रथिनं. बाईंच्या हिशेबी रक्तात दोन सुना नांदतात. थोरली रक्त गोठवणारी. कुठे भोक पडलं की धावत जाते, धाग्यांची जाळी विणते, भोक बुजवते. धाकटीचं नाव कॉम्प्लिमेंट. तिचं काम म्हणजे शिरलेल्या जंतूला भोसकायचं आणि आरडाओरडा करून पांढऱ्या पेशींना बोलवायचं. "पुस्तकवाल्यांनी या दोघींना दोन प्रकरणं दिली, जशी काही यांची बिऱ्हाडं वेगळी आहेत," बाई म्हणायच्या. "एकाच रक्तात राहतात त्या. एकीने पातेलं आपटलं की दुसरी दोन आपटते. थोरलीकडची थ्रॉम्बिन जाऊन धाकटीला डिवचते, धाकटी प्लेटलेटना डिवचते, आणि या गोंधळात रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. बाहेरून बघणारा काय म्हणतो? सुजलं."

"आणि बाई, सासू?" मुलं मुद्दाम विचारायची.

बाई कोटाच्या खिशात हात घालून ताठ व्हायच्या. "सासूचं नाव सी-वन इनहिबिटर. नावावरून वाटतं ती फक्त धाकटीवर नेमलेली आहे. तसं नाही. थोरलीकडचा बारावा नंबरसुद्धा तिच्याच धाकात. एकटी बाई दोघींना सांभाळते. आणि एखाद्याच्या रक्तात जन्मतःच ती कमी असली तर? मग जखमेचं निमित्त पुरतं, कधी तेही लागत नाही. घर सुजतं. खाज नाही, पुरळ नाही, ॲलर्जीच्या गोळीला दाद नाही. ओठाला सूज आली तर लोक हसतात, पोटात आली तर अपेंडिक्स कापतात, आणि घशात आली तर माणूस जातो." एवढं बोलून त्या हजेरी घ्यायच्या.

हा बारावा नंबर त्यांचा फार लाडका. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना नंबर असतात, त्यातला तो बारावा. गंमत अशी की तो अजिबात नसला तरी माणसाचं रक्त वाहत राहत नाही, व्यवस्थित थांबतं. "म्हणजे पगार गोठवण्याच्या खात्यातून आणि बैठक सगळी भांडणाच्या खात्यात," असं म्हणून बाई खिडकीतून आमच्या हेडक्लार्ककडे बघायच्या. हेडक्लार्कला वाटायचं, बाई आपल्याला मान देतात.

घरी त्यांना खरोखरच दोन सुना होत्या. ठाकुर्लीला एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट, मधलं दार कायम उघडं. मी एकदा जेवायला गेले होते तेव्हा आत मिक्सरच्या भांड्यावरून काहीतरी चाललं होतं. आवाज चढत गेला. बाईंनी वरणभात कालवता कालवता माझ्याकडे झुकून सांगितलं, "बारावा उठला बघ." मग त्या नुसत्या खाकरल्या. आत शांतता. "सासूचं काम एवढंच. घरात असायचं," त्या म्हणाल्या. थोरल्या सुनेने बाहेर येऊन मला आणखी एक पोळी वाढली आणि हसून म्हणाली, "आमच्यावरच तास घेतात ना तिकडे? ठाऊक आहे आम्हाला. आम्ही मुद्दाम भांडतो, नाहीतर त्यांना शिकवायला काय राहील?"

एवढ्या तयारीच्या बाईंची एकच दुखरी जागा होती. कॉम्प्लिमेंटचं प्रॅक्टिकल.

प्रयोग तसा सोपा. मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घ्यायच्या, त्यांच्यावर अँटिबॉडी चढवायची आणि त्यात निरोगी माणसाचा ताजा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी, घालायचा. सीरममधली कॉम्प्लिमेंट त्या पेशी फोडते आणि गढूळ नळी स्वच्छ लाल होते. पुस्तकात होते. आमच्याकडे ती दरवर्षी अर्धी गढूळच राहायची. बाईंचा जीव तिळतिळ तुटायचा.

दोष कुणाला द्यायचा यात मात्र बाई कधी कमी पडल्या नाहीत. पहिला मान खाटकाचा. मेंढीचं रक्त त्या स्वतः कॉलेजला येताना बाजारातल्या एका खाटकाकडून काचेच्या बाटलीत आणायच्या. तो विचारायचा, "बाई, रक्ती करून खाता काय याची?" बाई म्हणायच्या, "नाही, शिकवते." प्रयोग फसला की दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "काल बोकडाचं घातलंस." तो देवाची शपथ घ्यायचा, गिऱ्हाइकं बघत राहायची. खाटकानंतर फ्रीज, फ्रीजनंतर वीज मंडळ, आणि सगळ्यात शेवटी मुलं. ज्यांनी वहीत आलं तसं कमी उत्तर लिहिलं त्यांना बाईंनी "हाताला वळण नाही" म्हणून मार्क कापले. ज्यांनी पुस्तकातलं उत्तर गुपचूप उतरवलं त्यांना पैकीच्या पैकी.

आता हा निरोगी माणूस कोण, हे सांगायला हवं. ती फिलोमिना. आमची लॅब टेक्निशियन, ठाण्याच्या खाडीकडच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातली. वडील लहानपणीच वारलेले, घरची भातशेती कधीच बिल्डरच्या घशात गेलेली, पण घर, क्रॉस आणि विहीर जागेवर. बाईंना न घाबरणारी कॉलेजात ती एकटीच. मुलांचं रक्त घ्यायचं नाही असा संस्थेचा नियम, साठी उलटलेलं रक्त नॉर्मल धरायचं नाही असा बाईंचा स्वतःचा नियम, आणि मी तर स्वतःला सुई टोचणार म्हटलं की आडवी होते. राहिली फिलो. तिच्या शिरा ठसठशीत, वय सव्वीस, सदा हसतमुख. प्रॅक्टिकलच्या दिवशी ती न सांगता बाही वर करायची आणि नळीवर चिठ्ठी लागायची: नॉर्मल.

या नॉर्मलचे ओठ अधूनमधून सुजायचे. हे मला ठाऊक होतं, कारण आम्ही डबा एकत्र खायचो. पहिल्यांदा ती म्हणाली, पापलेट सोसत नाही. ते सोडलं. मग कोळंबी सोडली. मग वांगं, मग अंडं, मग कैरी. शेवटी तिच्या डब्यात नुसता वरणभात उरला, तरी महिन्या-दोन महिन्यांनी ओठ नाहीतर हात फुगायचाच. हात फुगला की दिवसभर ग्लोव्ह्ज, ओठ फुगला की मास्क. कधी पोटात अशी कळ यायची की सुट्टी. तिचं अपेंडिक्सही काढून झालं होतं, आणि काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते की चांगलं होतं.

"बाईंना सांग की एकदा," मी म्हणायचे.

"नको गं. त्यांना कळलं ना, तर माझ्या हातावर रेघा मारत बसतील. मला काम असतं."

तास मीही ऐकलेले होते. पण पुस्तकातला रोग आपल्या शेजारी बसून आपल्याच डब्यातलं लोणचं खातोय, असं कुणाच्या मनात येत नाही. बाईंच्याही आलं नव्हतं.

त्या वर्षी फिलोचं लग्न ठरलं. ईस्टर झाला की लग्न, म्हणून उपासाच्या दिवसांत तिने सगळी राहिलेली कामं काढली होती. त्यात एक अक्कलदाढ. लग्नाच्या जेवणात दाढ ठणकायला नको, म्हणून तिने एक दिवस रजा टाकली. नेमकं त्याच दिवशी कॉम्प्लिमेंटचं प्रॅक्टिकल.

"नॉर्मल कुठे गेली?" बाईंनी विचारलं. रजेवर आहे म्हटल्यावर त्यांनी लॅबभर नजर फिरवली. मुलांनीही फिरवली. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या.

मी बाकावर आडवी पडले, डोळे मिटले, बाईंनी सुई घातली, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. नंतर आतल्या खोलीतल्या कॉटवर पडल्या पडल्या माझा डोळाही लागला असावा. जाग आली ती टाळ्यांच्या आवाजाने. मला वाटलं, मी शुद्धीवर आले म्हणून मुलं टाळ्या वाजवतायत. बरं वाटलं. उठून बघते तर माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे नळ्यांच्या स्टँडभोवती जमले होते. नळ्या स्वच्छ, लाल, पुस्तकातल्यापेक्षा सुंदर झाल्या होत्या.

टाळ्या न वाजवणाऱ्या फक्त बाई. त्यांनी एक नळी खिडकीशी धरली, खाली ठेवली, दुसरी धरली. "मेंढी तिथलीच," त्या स्वतःशी म्हणाल्या. "फ्रीज तोच. पोरं तशीच धांदरट. रक्त तेवढं बदललं. म्हणजे फिलोच्या रक्तातली धाकटी आधीच कुठेतरी भांडून संपते." मग त्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना लॅबमध्ये बसलेलं पाहिलं नव्हतं.

"फिलोला कधी सूज येते का गं?"

मी सगळं सांगितलं. ओठ, हात, पोट, अपेंडिक्स. "आणि दिवाळीनंतर दाताच्या डॉक्टरने नुसतं सिमेंट भरलं तर अर्धा चेहरा फुगलेला. आज तर बिचारी दाढ काढायला गेलीय."

बाई उभ्या राहिल्या. "कुठे?"

बाजारातली गल्ली सांगितली. फिलोचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. आम्ही रिक्षा पकडली. बाई कोटासकट, हातात ती नळी तशीच. होलसेल बाजारात मध्येच टेम्पो आडवा लागलेला, तेव्हा बाई खाली उतरल्या आणि चालायला लागल्या. मी मागे. सकाळीच रक्त दिलेली बाई मी, पण ते विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

दवाखान्यात पोचलो तेव्हा फिलो खुर्चीत आडवी, गळ्याखाली हिरवा कागद, तोंड उघडं. तरुण डेंटिस्टच्या हातात इंजेक्शन.

"सुई खाली ठेव," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तुमची अपॉइंटमेंट आहे का?"

"माझी नाही, हिची आहे. आणि ती रद्द."

फिलोने मान वळवली. "बाई? तुम्ही इथे कशा? प्रॅक्टिकल बिघडलं का?"

"नाही. जमलं."

"मग?"

"म्हणून तर आले."

डेंटिस्टला वाटलं, बाईंना काहीतरी झालंय. त्याने त्यांना पाणी दिलं. बाईंनी पाणी पिऊन त्याला दोन सुना आणि एक सासू सांगितली. तो ऐकता ऐकता गंभीर होत गेला. "हे परीक्षेला वाचलेलं," तो म्हणाला, "पण मॅडम, असा पेशंट कधी बघितला नाही. टेस्ट केलीय का हिची?"

"वर्षानुवर्षं करतेय. उत्तर समोर दिसत होतं. मीच खाटकाशी भांडत बसले."

डेंटिस्टने हातमोजे काढले. संशय जरी असला तरी आता मी हात लावणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. फिलो मात्र भडकली. दाढ ठणकत होती, लग्न तोंडावर आलं होतं, आणि जिच्यापासून एवढी वर्षं ओठ लपवले ती बाई भर दवाखान्यात तिचं घर, सून, सासू काढत होती. "माझ्या दाढेत तुमचं काय अडकलंय, बाई?" असं म्हणून तिने हिरवा कागद ओढून काढला आणि ती आमच्याकडे न बघता निघून गेली. पण जाण्याआधी बाईंनी तिच्याकडून एक नळी रक्त काढून घेतलंच. भांडत असलेल्या माणसाचं रक्त मी पहिल्यांदा काढलेलं पाहिलं.

ते मुंबईच्या एका मोठ्या लॅबला गेलं. रिपोर्ट यायचा होता, त्याआधी फिलोची आजी आली. लुगडं, कानात सोन्याच्या मोठ्या काड्या, बरोबर ओशाळलेली फिलो. आजी सरळ लॅबमध्ये शिरल्या.

"माझ्या नातीची दाढ अडवून बसलीस ती तूच का?"

"हो, मीच. बसा."

"आमच्या घरान् ही सूज काय नवीन नाय. लगीन आला का कुनाचा तरी तोंड सुजतंच. नजर लागते. मी मीठ-मिरच्या उतरवते, दोन-तीन दिसान् जाते. तुझ्या सुया नको."

बाईंनी विचारलं, सगळ्यांची जाते का दोन-तीन दिवसांत. आजी म्हणाल्या, एकीची नाही गेली. त्यांची मुलगी, फिलोची आत्या. पदरात लहान मूल असताना गेली, घसा बंद होऊन. माशाचा काटा अडकला होता.

"त्याआधी तिने दात काढला होता का?"

आजी आता खुर्चीत बसल्या. "दाढ काढून आलेली," त्या म्हणाल्या. "पन जेवताना मासली खाल्ली व्हती ना तिनं." फिलोला हे माहीत नव्हतं. तिने हळूच आजीचा हात धरला. आजी उठल्या आणि निघून गेल्या.

रिपोर्ट आला. सासू जवळजवळ नव्हतीच, आणि तिच्या अभावी धाकटीकडची शिबंदीही संपत आलेली. बाईंचं निदान तंतोतंत बरोबर. त्यांनी तो कागद वाचला आणि त्या दिवशी कँटीनमध्ये कुणालाही काही शिकवलं नाही. पुढचे काही दिवस मात्र त्यांनी माफी मागण्याचा धडाकाच लावला. पहिला नंबर खाटकाचा. त्याला काय चाललंय ते कळलं नाही, पण त्याने बाईंना पाव किलो कलेजी फुकट दिली. बाई शाकाहारी, ती कलेजी माझ्या घरी आली. मग मार्क कापलेली मुलं. जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर शोधून बाई एकेकाला फोन करायच्या. "अरे, त्या वेळी तू बरोबर होतास, मी चूक." एक जण आता दुबईत मोठ्या लॅबमध्ये होता. तो म्हणाला, "बाई, खरं सांगू का? मी पण शेजारच्याचंच उतरवलेलं. उतरवताना चुकलो." बाईंनी त्याचे मार्क पुन्हा कापले.

दाढ काढायची तर होतीच, आता ती मोठ्या हॉस्पिटलात काढायची ठरली. कमी असलेल्या प्रथिनाचं तयार इंजेक्शन असतं, ते वेळेत मिळेना. मग तिथल्या डॉक्टरांनी दुसरा रस्ता धरला: दाढ काढण्याआधी फिलोला रक्तपेढीतला प्लाझ्मा चढवायचा. फिलोने विचारलं, त्याने काय होणार. बाई म्हणाल्या, "तुझ्या घरात सासू नाही ना, म्हणून चार घरच्या उसन्या आणायच्या. दोन दिवस राहतील, सुनांना गप्प बसवतील आणि जातील." फिलो घाबरलेली होती तरी हसली. "दोन दिवस राहून जाणारी सासू मला लग्नात पण चालेल," ती म्हणाली.

पिवळा प्लाझ्मा चढला, दाढ निघाली. खरी भीती त्यानंतरची. सूज यायची तर काही तासांनी येते, कधी दुसऱ्या दिवशी. वॉर्डात पलंगाच्या एका बाजूला आजी रोझरी घेऊन बसलेल्या, दुसऱ्या बाजूला बाई. मी येऊन जाऊन होते. बाईंना नर्सने दोनदा उठवलं, त्या दोनदा परत येऊन बसल्या. फिलोच्या ओठांवरून त्यांची नजर हलत नव्हती. मधूनच "गिळ बघू" म्हणायच्या, फिलो गिळून दाखवायची. "आता आवाज काढ." फिलो आवाज काढायची. आजी मणी ओढता ओढता हे सगळं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, घसा मोकळा आहे, घेऊन जा घरी. फिलोने आरसा मागितला. ओठ रोजचे, बारीक, तिचे स्वतःचे. तिला रडू आलं आणि मलाही आलं.

तेव्हा आजी बोलल्या. "मना खरा सांग," त्या बाईंना म्हणाल्या. "काटा नव्हता ना तो?"

"नव्हता."

"हिला जा पिवला पानी चढवला, तो माझ्या पोरीला चढवला असता तर?"

एखादीने सांगितलं असतं की तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं, देवाची मर्जी. मलाही वाटलं, असंच काहीतरी सांगावं.

"वाचली असती," बाई म्हणाल्या.

आजींनी रोझरी मुठीत गोळा केली. खूप वेळ त्या फिलोच्या पायावरून हात फिरवत राहिल्या. मग उठल्या, लुगडं झटकलं. "घरान् अजून पोरा हायत माझी. एकेकाला बघ."

"कधी येऊ?"

"लगनाला ये. सगली एका जाग्यावर गावतील."

आणि बाई खरोखरच गेल्या. फिलोच्या लग्नाला, त्याच स्पोर्ट्स शूजमध्ये, नळ्यांची पेटी आणि दोन माजी विद्यार्थी घेऊन. अंगणात मांडव, एकीकडे बँड, आणि विहिरीच्या बाजूला टेबल टाकून बाई. आजींनी फर्मान काढलं होतं की हात दिल्याशिवाय जेवणाच्या टेबलाकडे जायचं नाही. सुटातले काका, गाऊनमधल्या मावश्या, परदेशातून आलेले चुलतभाऊ, सगळे बाह्या वर करून रांगेत. एक काका कुरकुरले तर आजींनीच त्यांचा कोट काढला. त्या लग्नात कुणाचंही तोंड सुजलं नाही. नवरीने तर चार वेळा येऊन बाईंना ओठ दाखवले.

रिपोर्ट आले. बहुतेक सगळे चांगले. दोघांची सासू कमी निघाली. एक त्या गेलेल्या आत्याचा मुलगा. पोटदुखीवर वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात आलेला. आणि दुसरी त्याची मुलगी, अजून बालवाडीतली, जिला कधी काहीच झालं नव्हतं.

हे सांगायला बाई स्वतः गावठाणात गेल्या, मी बरोबर होते. आता काय करायचं, कुठला कागद कायम जवळ ठेवायचा, दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी कुणाला फोन करायचा, हे त्यांनी सगळं सावकाश, सासू-सुनांशिवाय सांगितलं. आजींनी दोनदा विचारून घेतलं. मग अंगणात खेळणाऱ्या त्या पोरीला हाक मारली, मांडीवर घेतलं, हनुवटी धरून तिचं तोंड उघडलं आणि उजेडाकडे वळवून आत बघितलं. दुधाचे सगळे दात जागेवर होते.